नवव्या दिवसाचा ठिपका

बातमी कंपनीच्या बसमध्ये कळली. वाकडच्या चौकात बस नेहमीसारखी अडकली होती, पुढच्या सीटवरचा मुलगा हेडफोन लावून झोपला होता, आणि माझ्या मोबाइलवर जुन्या नोकरीच्या ठिकाणच्या अनघाचा मेसेज आला. "वडके काका गेले. काल सकाळी, घरीच." मी तो दोनदा वाचला. मग मी जे केलं ते फारसं सांगण्यासारखं नाही... मी बोटांवर दिवस मोजले. आकाशात एक तारा आहे, तो दर नऊ दिवसांनी आपल्या जोडीदाराच्या आड जातो आणि जवळजवळ दोन दिवसांनी पुन्हा बाहेर येतो. काल सकाळी तो आड होता का, एवढंच मला पाहायचं होतं. आड असता तर निदान काहीतरी जुळल्यासारखं वाटलं असतं. पण नव्हता. तो लख्ख समोर होता. बस हलली, झोपलेल्या मुलाचं डोकं खिडकीवर आपटलं, तो दचकून जागा झाला, आणि मी बाहेर बघत राहिले.

हे नऊ दिवस मी गेली पाच वर्षं मोजते आहे. वडके काकांना जाऊन आता सहा आठवडे झाले. त्यांच्याबद्दल लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की त्यांची गोष्ट सांगायची तर माझी एक गोष्ट आधी सांगावी लागेल, आणि ती मी काका असेपर्यंत कुणालाच सांगितली नव्हती. शाळा-कॉलेज सगळं इंग्रजीत झालं, त्यामुळे मराठीत एवढं लांब लिहिण्याची ही पहिलीच वेळ. इंग्रजीत लिहिलं असतं तर कदाचित सोपं गेलं असतं. म्हणूनच इंग्रजीत लिहीत नाही.

पुण्यातल्या एका छोट्या संशोधन संस्थेत वडके काका ट्रेसर होते. शास्त्रज्ञांनी पेन्सिलीनं काढलेले आलेख काळ्या शाईत, ट्रेसिंग पेपरवर, छापण्याजोगे उतरवून द्यायचे हे त्यांचं काम. वीस-बावीस वर्षं संस्थेतून बाहेर गेलेल्या प्रत्येक शोधनिबंधातली प्रत्येक रेघ त्यांच्या हातची होती. "वडक्यांचा हात चुकत नाही," असं संस्थेत म्हणायची पद्धतच होती. मग कॉम्प्युटर आले, लेझर प्रिंटर आले, आणि एका वर्षात त्यांचं टेबल मोठ्या खोलीतून उठून लायब्ररीबाहेरच्या व्हरांड्यात आलं. मी तिथे प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले तेव्हा ते दारांवरच्या नावाच्या पट्ट्या लिहीत, नोटीस बोर्ड लावत आणि उरलेला वेळ पेनांच्या निबा धूत. बावीस वर्षांची मी, कुणाशी बोलायची वेळ आली की वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळवायची. पहिल्या दिवशी मी त्यांना लायब्ररी कुठे आहे ते इंग्रजीत विचारलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मागच्या दारावरच्या 'ग्रंथालय' या पट्टीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "पट्टी मीच लिहिली आहे. वाचता येत नसेल तर अक्षर वाईट असणार." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'कॉन्व्हेंट' झाले. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

त्या व्हरांड्यात त्यांची एक गुंडाळी होती. ग्राफ पेपर एकाला एक चिकटवत नेलेला, लांबच लांब. संस्था पाहायला शाळेतली मुलं यायची, त्यांच्यासाठी भिंतीवर लावायला म्हणून आमच्या मॅडमनी एकदा काकांना एका ताऱ्याच्या महिनाभराच्या आकड्यांचा आलेख करायला सांगितला होता. मॅडम म्हणजे मी ज्यांच्या हाताखाली काम करत होते त्या शास्त्रज्ञ. मुलं येऊन गेली, आलेख उतरला, पण काकांनी पुढचे ठिपके देणं थांबवलं नाही. रोज अर्धा सेंटिमीटर पुढे सरकायचं, त्या दिवशी एका परदेशी उपग्रहाला तो तारा क्ष-किरणांत किती तेजस्वी दिसला ते पाहायचं, आणि त्या उंचीवर शाईचा एक ठिपका. दिवसाला एक. अकराच्या चहाच्या आधी. उपग्रहाचा आकडा इंटरनेटवरून उतरवून, चिठ्ठीवर लिहून त्यांना देणं हे माझ्याकडे आलं. कामाचा भाग म्हणून नव्हे. मॅडमचे सगळे आकडे कॉम्प्युटरमध्ये होतेच. गुंडाळी फक्त काकांची होती. पण ते कॉम्प्युटरजवळ जायचे नाहीत. "त्यानं माझी खोली घेतली, मी कशाला त्याची विचारपूस करायला जाऊ?" असं म्हणायचे.

तारा कसला, दोन ताऱ्यांचं बिऱ्हाड होतं ते. एक प्रचंड, निळा, सूर्याच्या वीसेकपट वजनाचा, आणि त्याच्याभोवती अगदी जवळून फिरणारा दुसरा, न्यूट्रॉन तारा. हा दुसरा केवढा? तर पुणं शहर झाकेल एवढा गोळा, पण वजन सूर्याहून जास्त. तो मुळात मेलेला आहे. कधीकाळी तोच घरातला थोरला होता, आपलं जळण आधी संपवून, स्फोट होऊन त्याचं हे एवढंसं उरलं. मोठ्या ताऱ्यातून वाऱ्यासारखा वायू सतत उधळत असतो. त्यातला थोडा या मेलेल्या ताऱ्यावर कोसळतो, कोसळताना अतोनात तापतो, आणि क्ष-किरण बाहेर पडतात. हे सगळं मी काकांना घाबरत घाबरत, अर्धं इंग्रजीत समजावलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे जिवंत माणूस सांडतो आणि मेलेला त्यावर उजळतो. लिही की सरळ. त्याला एवढे कागद कशाला लागतात तुम्हाला?"

गुंडाळीवर ते दिसायचंही. सात दिवस ठिपके वर-खाली नाचत राहायचे, मग न्यूट्रॉन तारा मोठ्याच्या मागे जायचा, आणि दोन ठिपके एकदम तळाला. ग्रहण. पुन्हा सात, पुन्हा दोन. काकांनी या ग्रहणांची नावं ठेवली नव्हती, पण हजेरी ठेवली होती. नवातले ते दोन दिवस आले की चिठ्ठी बघायच्या आधीच ते म्हणायचे, "आज साहेब आत आहेत." आणि आकडा शून्याच्या आसपासच निघायचा. ते खूश व्हायचे, जसा एखादा पोस्टमन घरातला माणूस नेमका घरी सापडल्यावर होतो.

तांबट आळीत वाढलेला माणूस तो. वडील तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम करायचे, म्हणजे हातोडीनं एकाशेजारी एक ठोके देत जायचं, त्यानं पत्र्याला बळही येतं आणि नक्षीही होते. त्यांच्या हातचा, तळहाताएवढा एक तांब्याचा तुकडा काकांच्या टेबलावर वजन म्हणून असायचा. मी माझी चिठ्ठी त्याच्याखाली सरकवायची, आणि ठिपका दिला की काका ती दोऱ्यात ओवून ठेवायचे. "आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठिपकेच," काका म्हणायचे. "फरक एवढाच, की वडिलांच्या ठिपक्यांतून पाणी पिता यायचं." या कामाचे त्यांचे काही नियम होते. ट्रेसिंगमध्ये रेघ चुकली तर दाढीच्या ब्लेडनं ती शाई अलगद खरवडून काढतात, त्यात काही गैर नाही. पण आकड्याचा ठिपका खरवडायचा नाही. "रेघ माझी असते, ठिपका त्याचा असतो," असं म्हणून ते पेनानं वर, छताकडे खूण करायचे. दुसरा नियम मला पहिल्याच आठवड्यात सांगितला होता. उपग्रहाला कधीकधी तारा दिसायचाच नाही, आकडा यायचा नाही. तेव्हा मी चिठ्ठी न देताच त्यांच्यासमोर अपराध्यासारखी उभी राहिले. ते म्हणाले, "अगं, नाही तर 'नाही' लिहून दे. रिकामी जागा चालते मला." आणि त्यांनी ती अर्धा सेंटिमीटर जागा सोडून खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं, 'निरीक्षण नाही'.

एकदा मार्चमध्ये त्यांनी विचारलं, "कॉन्व्हेंट, हा इसम डोळ्यांनी दिसतो का?" संस्थेची दुर्बीण, म्हणजे साधी दोन डोळ्यांची, घेऊन आम्ही दोघं गच्चीवर गेलो. दिवेलागण होऊन गेली होती. दक्षिणेला अगस्त्य उतरायला लागला होता, त्याच्या डावीकडे, थोडं वर मी त्यांना तो तारा शोधून दिला. एक फिकट कण. काका खूप वेळ दुर्बीण डोळ्यांना लावून उभे होते.

"एवढासाच?"

"हा मोठा तारा आहे, काका. तो दुसरा नाही दिसत. कशातूनच नाही."

"दिसत नाही, आणि तीन वर्षं आपण त्याची हजेरी घेतो आहोत..." दुर्बीण खाली घेत ते म्हणाले, "म्हणजे सगळी भिस्त तुझ्या चिठ्ठीवर."

ते सहज म्हणाले होते. मला ते वाक्य नको इतकं नीट आठवतं.

त्याच वर्षी हिंजवडी उभं राहत होतं. माझ्या वर्गातली प्रत्येक मुलगी कुठल्यातरी सॉफ्टवेअर कंपनीत जात होती, घरी रोज तोच विषय. मीही एका कंपनीत अर्ज केला. चार दिवस परीक्षा आणि मुलाखती होत्या, सलग. मॅडमना सांगायचा धीर झाला नाही, कारण निवड झाली नाही तर? त्यांना मी विद्यापीठात संदर्भ शोधायला जाते असं सांगितलं. काकांना काय सांगायचं ते ठरेना. आकडा साडेदहाच्या पुढे उतरायचा, आणि मला साडेनवाला बस पकडायची होती. 'नाही' असं चार दिवस लिहिता आलं असतं. पण सलग चार दिवस 'नाही' म्हटल्यावर त्यांनी विचारलं असतं, काय गं, उपग्रह पडला का तुझा? आणि मला त्यांच्या तोंडावर खोटं बोलता आलं नसतं. म्हणून मी चिठ्ठीवर बोलले. चारही दिवस सकाळी नऊला मी संस्थेत आले, काका यायच्या आधी, गेल्या आठवड्याच्या आकड्यांसारखा दिसणारा एक आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि त्या तांब्याच्या वजनाखाली ठेवून निघून गेले. दशांशसुद्धा विचार करून बदलले. खरे वाटावेत म्हणून. त्या चार चिठ्ठ्यांत माझं अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं.

ग्रहण मी विसरले. तिसरा आणि चौथा दिवस नऊ दिवसांचा फेरा पुरा होण्याचे होते, साहेब आत असण्याचे. ज्या मुलीनं ते ग्रहण समजावून सांगितलं, तिनंच त्या दोन्ही दिवशी मेलेल्या ताऱ्याला मोठ्याच्या पाठीमागून लख्ख चमकवलं.

हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. पाचव्या दिवसापासून मी पुन्हा खरे आकडे देऊ लागले. निवड झाली, मी राजीनामा दिला, पंधरा दिवसांची नोटीस सुरू झाली. त्या दिवसांत काका वेगळेच दिसत होते. शीळ घालत निबा धुवायचे. एकदा म्हणाले, "जाण्याआधी तुला एक गंमत दाखवीन म्हणतो. पण अजून नक्की नाही. तीन फेऱ्या बघू दे." मला वाटलं, नव्या पट्ट्यांबद्दल बोलताहेत. मी हसले आणि विषय सोडून दिला. तीन फेऱ्या, म्हणजे सत्तावीस दिवस. त्या पुऱ्या व्हायच्या आत माझा शेवटचा दिवस आला. त्यांनी मला एक बारीक निबेचं पेन दिलं. "तुमच्या कंपनीत सही करायला लागेल कधीतरी," म्हणाले.

पुढचं मला अनघानं सांगितलं. ती माझ्या जागेवर आली होती, आणि दोन-तीन महिन्यांनी आम्ही डेक्कनला कॉफी प्यायला भेटलो. "अगं, मजा झाली आमच्याकडे," तिनं सुरुवात केली. "मी लागून दोनच दिवस झाले होते. वडके काका गुंडाळी काखेत मारून मॅडमच्या खोलीत आले. म्हणाले, 'जरा पाहता का? ग्रहणात उजेड आहे. एकदाच. पुढच्या तिन्ही फेऱ्यांत नाही.' मॅडम उठूनच उभ्या राहिल्या! मला म्हणाल्या, त्या आठवड्याचे आकडे काढ. काढले, तर काय, साधं ग्रहण. तळाला. त्याच्या आधीचे दोन दिवसही जुळेनात. चारच्या चार चुकलेले."

"मग?" मी विचारलं.

"काका पडद्याजवळ आले. पहिल्यांदाच आले म्हणे. कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, 'हात चुकला माझा. चष्मा बदलायला झालाय.' मॅडम म्हणाल्या, 'अहो काका, शेवटी तुम्हीही माणूसच निघालात की!' सगळे हसलो. आता आमच्याकडे एखादा आकडा भलतीकडे गेला ना, की पोरं म्हणतात, वडके पॉइंट!"

आणि मी हसले. तिच्याबरोबर, तिच्याइतकंच. मग तिनं आणखी एक सांगितलं, सहज. आता काका चिठ्ठी घेत नाहीत. रोज साडेदहाला येऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहतात, आणि ती आकडा लिहायला लागली की म्हणतात, "चिठ्ठी नको. दाखव."

त्यानंतर ते सव्वा वर्षानं निवृत्त झाले. मी त्यांना भेटायला गेले नाही. त्यांच्याकडे चिठ्ठ्या होत्या. माझ्या अक्षरात, माझ्या तारखांसह. मॅडमच्या टेबलावर त्या चार चिठ्ठ्या ठेवल्या असत्या तर दोन मिनिटांत सगळं मिटलं असतं. त्यांनी ठेवल्या नाहीत. का, हे विचारायला जायचं तर आधी माझं सांगायला हवं होतं... आणि मी दर नवव्या दिवशी, मीटिंगमध्ये असले, बसमध्ये असले, तरी आतून थबकायची. आज साहेब आत आहेत. आज तिथे उजेड नसायला हवा.

एकदाच दिसले. अप्पा बळवंत चौकात, एका स्टेशनरीच्या दुकानात. मी मावसबहिणीच्या वह्या घेत होते. काका शेजारी उभे राहून दुकानदाराशी वाद घालत होते.

"या ग्राफ पेपरच्या रेघा बघा. हा मिलिमीटर आहे का?"

"आजोबा, आता कोण हातानं काढतंय? कॉम्प्युटर घ्या एक."

"घेतो. तुमच्याकडे मिलिमीटर आला की कळवा, तेव्हा घेतो." मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "काय कॉन्व्हेंट! वाळलीस. काम जास्त आहे का पगार?"

मी काहीतरी पुटपुटले. आणि मग, का कोण जाणे, त्या दुकानातच मी म्हणाले, "काका, मला तुम्हाला एक सांगायचंय."

त्यांनी हातातला ग्राफ पेपर नीट, कडा जुळवून, परत गठ्ठ्यावर ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या चिठ्ठ्या आहेत माझ्याकडे. अक्षर चांगलं होतं तुझं." आणि छत्री उचलून निघून गेले.

होतं. त्या एका शब्दाशी मी वर्षानुवर्षं बोलत बसले आहे. तो दिलासा होता, टोमणा होता, की मला गप्प करणं होतं? त्यांच्या मागे चार पावलं धावत गेले असते तर समजलं असतं. दुकानदारानं वह्या पुढे केल्या, आणि मी त्या पिशवीत भरल्या.

बारावा-तेरावा होऊन गेल्यावर मी धायरीला त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला. काकूंना मी कधी पाहिलं नव्हतं. दार त्यांनीच उघडलं.

"तूच ती कॉन्व्हेंट का?"

"हो."

"मला वाटलं होतं उंच असशील. ये."

घरात त्यांचं टेबल खिडकीशी होतं. पेनं एका रांगेत, धुतलेली. तांब्याचं वजन. काकूंनी पलंगाखालून गुंडाळी ओढून काढली. "हे सगळं असं आहे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. रद्दीत द्यायला हात धजत नाही, आणि माळ्यावर टाकलं तर कसर खाऊन टाकेल." सोबत माझ्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या, महिन्यामहिन्याच्या, दोऱ्यात ओवलेल्या. मी तो महिना शोधला. मोजल्या. चार कमी होत्या. त्याच चार.

"बाई, एक विचारू?" काकू म्हणाल्या. "तू असतानाच एक महिना ते फार खुशीत होते. अंघोळीला जाताना शीळ. म्हणायचे, मला एक दिसलंय, अजून कुणाला नाही दिसलेलं. काय ते सांगा म्हटलं तर म्हणाले, तीन फेऱ्या होऊ दे. मग एक दिवस घरी आले ते चष्मेवाल्याकडूनच. डोळे तपासून. नंबर होता तोच निघाला. आता नंबर वाढला नाही, तर माणसानं खूश व्हावं की नाही? हे जे गप्प झाले... काय दिसलं होतं गं त्यांना?"

गुंडाळीचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं उलगडत काकू गॅलरीच्या दारापर्यंत गेल्या. कागद उन्हासमोर धरला, आणि म्हणाल्या, "लागलीच बघ कसर. चार ठिकाणी."

मी पाहिलं. ठिपक्यांच्या ओळीत, अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतरानं, चार जागी कागद इतका पातळ झाला होता की पलीकडचं ऊन त्यातून येत होतं. चार बारीक, उजळ कण. ब्लेडनं अलगद, कागद न फाडता खरवडलेले. आकड्याचा ठिपका खरवडायचा नाही म्हणणाऱ्या माणसानं चार ठिपके काढून टाकले होते, आणि त्यांच्या जागी पडद्यावर पाहिलेले खरे आकडेही भरले नव्हते. खाली फक्त मुंगीएवढ्या अक्षरांत चार वेळा लिहिलं होतं, 'निरीक्षण नाही'. जी रिकामी जागा मी त्यांच्याकडे मागायला हवी होती, ती त्यांनी मला दिली होती. आणि तरी ग्रहणाच्या त्या दोन दिवसांवर, कागद उन्हात धरला की, उजेड होताच.

"कसर नाही, काकू," मी म्हणाले. आणि तिथेच, कागदाचं टोक हातात धरून, मी त्यांना सगळं सांगितलं. बस, मुलाखती, दशांश, सगळं. मराठीत सांगितलं, अडखळत.

काकूंनी मधे एकदाही थांबवलं नाही. झाल्यावर कागद खाली घेतला. "म्हणजे हात चुकला नव्हता त्यांचा."

"नाही."

"आणि दिसलंही काही नव्हतं."

"...नाही."

त्या बराच वेळ गुंडाळत राहिल्या, हळूहळू, कडा जुळवत. मग म्हणाल्या, "मला कशाला सांगतेस? मी कुठे हसले होते? जे हसले त्यांना सांग."

त्या दिवशी चहा मिळाला नाही, आणि मला ते बरोबर वाटलं. निघताना त्यांनी टेबलावरचं तांब्याचं वजन उचलून माझ्या हातात दिलं. "हे ने. याच्याखाली तुझंच काहीतरी असायचं. गुंडाळी राहू दे इथे."

मॅडमना मी लिहिलं. त्यांनी संस्थेत सगळ्यांसमोर ते पत्र वाचून दाखवलं. पण 'वडके पॉइंट' म्हणणारी मुलं आता तिथे नाहीत. बरीचशी माझ्यासारखीच कंपन्यांत आहेत, काही परदेशात. तो शब्द ती बरोबर घेऊन गेली असणार. त्यातलं कुणी रविवारी ही पुरवणी चाळत असेल, तर त्यांच्यासाठी सांगते: वडके काकांचा हात चुकला नव्हता. चारही आकडे माझे होते. चिठ्ठ्या त्यांनी फाडल्या की जाळल्या मला माहीत नाही, पण त्या आता नाहीत. पुरावा म्हणाल तर मी आहे.

तो उपग्रह अजून फिरतो आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही त्याचे आकडे दिसतात. हा लेख पुरा झाला त्या सकाळी, साडेदहाच्या सुमाराला, मी पाच वर्षांनी पहिल्यांदा ते पान उघडलं. त्या दिवशीच्या तारखेसमोर काहीच नव्हतं. दिसला नव्हता. टेबलावर तांब्याचं ते वजन होतं, त्यावरचे ठोके बोटाला लागत होते. मी एक चिठ्ठी घेतली, काकांनी दिलेल्या पेनानं तिच्यावर तारीख घातली, पुढे लिहिलं 'नाही', आणि ती त्या वजनाखाली सरकवली.